खुंटी

त्या वसाहतीतल्या आई-बापांनी मुलांच्या मनगटांना घड्याळं बांधली, त्याआधी त्यांनी आणखी बरंच काही बांधून घेतलं होतं. मागच्या ओढ्याच्या बाजूला भिंत बांधली. भिंतीवर काचा बसवल्या, मग त्या मुलांनाच लागतील म्हणून काढल्या आणि तारेची जाळी ठोकली. बागेत चढण्यासारखं एकच झाड होतं, त्याच्या खालच्या फांद्या छाटून टाकल्या. झोपाळ्याच्या साखळ्या इतक्या आखूड केल्या की त्यावर बसलेलं मूल नुसतं डुगडुगायचं. घसरगुंडी तेवढी वाचली, कारण ती मुळातच इतकी बुटकी होती की घसरण्यापेक्षा चालत उतरलेलं लवकर व्हायचं. एवढं झाल्यावर मंडळी निवांत झाली म्हणाल, तर छे! भित्यापाठी ब्रह्मराक्षस. भिंत उभी राहिली त्याच आठवड्यात, भिंतीपलीकडून काय काय येऊ शकेल याची चर्चा सुरू झाली.

घड्याळांची कल्पना एक्स-रेबाईंची. या बाई हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. दिवसभर शिशाचा जड एप्रन अंगावर, आणि तोंडात दोनच वाक्यं: "हात असा उताणा ठेवा" आणि "आता हलू नका." त्यांच्या टेबलावर येणारं प्रत्येक पोर कुठून ना कुठून पडलेलं असायचं. कुणी झाडावरून, कुणी सायकलवरून, कुणी शेजारच्या गच्चीवरून. त्यामुळे बाईंचं ठाम मत झालं होतं की पोरं घराबाहेर पडतात ती हाडं मोडायलाच. जी पोरं पडत नाहीत, किंवा पडून कपडे झटकून पुन्हा पळायला लागतात, त्यांना हाडांच्या दवाखान्यात कोण कशाला नेईल? पण एवढा साधा विचार बाईंच्या डोक्याला कधी शिवला नाही. शिकलेल्या माणसाला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचा गर्व चढला की त्याला ब्रह्मदेवही काही समजावू शकत नाही.

बाईंना एकच मुलगी. नऊ वर्षांची. घरात तिला पिल्लू म्हणत, आणि बाईंनी तिला खरोखर अंड्यातून बाहेर येऊ दिलं नव्हतं. तळहाताच्या फोडासारखी जपलेली. पिल्लू जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरायची. गवत ओलं असलं तर पाय ठेवण्याआधी वळून आईकडे पाहायची. कुत्रं दिसलं की आईमागे, चेंडू आला की बाजूला. आणि बाई चारचौघींत तोऱ्यात सांगायच्या, "एवढी झाली, पण अंगावर एक ओरखडा दाखवा!" जसं काही पोर म्हणजे नवी कोरी पितळी परात, आणि ती तशीच चकचकीत कुणाला तरी परत करायची आहे.

बाईंचा नवरा छापखान्यात यंत्र चालवायचा. दिवसभर खडखडाट ऐकून त्याला घरात शांतता प्रिय होती, म्हणून तो फारसा वाद घालत नसे. एकदाच म्हणाला होता, "अगं, जरा मोकळं सोड तिला. आपण काय कमी पडलो-धडपडलो?"

बाईंनी त्याला त्या दिवशी फोटो काढलेल्या एका मोडक्या कोपराचं इतकं बारीक वर्णन ऐकवलं की त्याने ताटातला घास ताटातच ठेवला. पुढे तो या विषयावर बोलला नाही.

तर घड्याळं. बाई वसाहतीच्या बालसुरक्षा समितीच्या अध्यक्ष होत्या. ही समिती त्यांनीच काढली होती, त्यामुळे अध्यक्ष दुसरं कोण होणार? त्यांनी ठराव मांडला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. घड्याळ मोठं नामी होतं. मूल कुठे आहे ते आई-बापांच्या फोनवर रंगीत ठिपक्याने दिसायचं. घड्याळ हातातून काढलं तर त्याला अंगाची ऊब लागायची नाही आणि ते बोंब मारायचं. मूल फार वेळ हललं नाही तरी ते बोंब मारायचं. म्हणजे पोराने जिवंत असायला हवं, हलायला हवं आणि बागेत असायला हवं. यापलीकडे त्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती.

आई-बाप खूश झाले. पूर्वी ते निदान गॅलरीत येऊन हाक तरी मारायचे. आता तेवढेही कष्ट नकोत. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर बागेच्या हिरव्या चौकोनात ठिपक्यांचा घोळका फिरत असायचा. कुणी भाजी चिरता चिरता ठिपका पाहायचं, कुणी कचेरीत साहेबासमोर बसून टेबलाखालून पाहायचं. "आमचा लाल ठिपका आज किती फिरला!" असं एक बाप लिफ्टमध्ये सांगत होता, आणि पोरगा समोरून चालत आला असता तर त्याने ओळखला असता की नाही याची शंकाच होती.

असे काही महिने गेले. मग एका दुपारी दवाखान्यात एक आजोबा नातवाला घेऊन आले.

नातू बाईंच्या ओळखीचा. त्यांच्याच वसाहतीतला, समितीच्या चिटणीसबाईंचा मुलगा. अंगाने बारका, म्हणून सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. उजवा हात छातीशी धरलेला, चेहरा पांढराफटक, पण रडत मात्र नव्हता. शाळेला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती आणि समितीच्या समजुतीप्रमाणे सगळी मुलं बागेत होती.

"घसरगुंडीवरून पडला," आजोबा म्हणाले.

"घसरगुंडीवरून?" बाई म्हणाल्या. "त्या घसरगुंडीवरून?"

"वाईट वेळ आली की माणूस अंथरुणावरूनही पडतो. तुम्ही फोटो काढा, बाई. उलटतपासणी नंतर."

बाईंनी टिल्लूला टेबलाजवळ बसवलं. त्याच्या चड्डीला हिरवं शेवाळ लागलं होतं आणि मोज्यांना कुसळं चिकटली होती. घसरगुंडीवर शेवाळ नसतं आणि बागेतलं गवत समितीच्या हुकमाने इतकं तासून काढलेलं असे की त्यात कुसळ कुठून येणार? बाईंना हे दिसलं, पण हात सवयीने काम करत होते आणि तोंडातून सवयीचं वाक्य निघालं, "हातातलं घड्याळ काढ आधी."

टिल्लूने डावं मनगट पुढे केलं. घड्याळ कुठल्याच हातात नव्हतं.

बाईंनी एप्रनखालून फोन काढला. अध्यक्ष असल्यामुळे त्यांना सगळ्यांचे ठिपके दिसायचे. टिल्लूचा निळा ठिपका बागेत होता. घोळक्याबरोबर आरामात फिरत होता. आणि टिल्लू स्वतः त्यांच्यासमोर मोडका हात घेऊन बसला होता.

"तुझं घड्याळ कुठंय?"

टिल्लूने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं.

"काकू, आईला नका सांगू," टिल्लू हळूच म्हणाला. "मला मारलं तरी चालेल, पण खुंटीला बोलणी बसतील."

"खुंटी कोण?"

टिल्लूने ओठ घट्ट मिटून घेतले. आजोबांना एकाएकी ऐकू येईनासं झालं.

बाईंनी फोटो काढला. एक समोरून, एक बाजूने. मनगटाच्या जरा वर हाड चिरलं होतं. ओली फांदी वाकवली की एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने धरून राहते, तसं. लहान मुलांची हाडं अशीच मोडतात आणि लवकर सांधतातही. बाईंनी असे फोटो ढिगाने पाहिले होते. त्या दिवशी मात्र त्यांचं लक्ष हाडात नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा फोन पाहत होत्या. निळा ठिपका खोटा. मग हिरवा? पिवळा? सगळेच खोटे असतील. मग त्यांनी आपल्या मुलीचा जांभळा ठिपका पाहिला. घरी फोन लावला. नवऱ्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून तो घरीच होता. त्याला मागच्या खिडकीतून बागेत बघायला सांगितलं.

"आहे की," तो म्हणाला. "घसरगुंडीपाशी आहे पिल्लू. का गं?"

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. आणि खरं सांगायचं तर त्या नुसत्या सुटल्या नाहीत, त्या फुगल्या. सगळ्या वसाहतीची पोरं लबाड, आई-बापांच्या डोळ्यांत धूळ फेकून उंडारणारी. प्रामाणिक कोण? एकटी आपली पिल्लू! तिचा ठिपका जिथे, तिथे ती. एवढ्यात चिटणीसबाई धापा टाकत आल्या, मुलाला पोटाशी धरून रडल्या, सासऱ्यांना लागेल असं बोलल्या आणि त्या घसरगुंडीला शिव्याशाप दिले. एक्स-रेबाईंनी तोंड उघडलं नाही. टिल्लूची दया आली म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समितीची बैठक होती, आणि हा बाँब भरसभेत फोडायचा त्यांनी बेत केला होता. फोडताना शेवटी आपल्या मुलीचं नाव घ्यायचं, तेही त्यांनी मनात ठरवलं.

फक्त ती खुंटी कोण, तेवढा पुरावा हवा होता. म्हणून बाई काम संपल्यावर घरी न जाता तडक बागेत गेल्या.

बागेत चिटपाखरू नव्हतं. पिल्लू एकटी होती. उन्हाच्या दिवसांत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ती घसरगुंडीभोवती गोल गोल चालत होती. घाण्याचा बैल तरी मधून थांबतो. ही थांबत नव्हती. बाईंनी जवळ जाऊन तिचा हात धरला, तर हात कडक लागला. बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळंच घड्याळं. दुसऱ्या हातालाही तेच.

गेले काही आठवडे पिल्लूच्या हातांवर लाल वळ उठत होते. बाईंनी ते पाहून साबण बदलला होता आणि रोज झोपताना मलम चोळत होत्या. माणसांच्या कातडीखालचं पाहणाऱ्या बाई! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"हे काय आहे?"

"घड्याळं."

"ते दिसतंय मला. कोणाची?"

"सगळ्यांची. आई, चालत बोल ना. थांबलं की वाजतात."

आणि वसाहतीच्या बालसुरक्षा समितीच्या अध्यक्षबाई हातात पर्स घेऊन, घामाघूम होऊन, आपल्या मुलीबरोबर घसरगुंडीभोवती चालू लागल्या.

"तुला अडकवलं ना त्यांनी? तू साधी आहेस म्हणून!"

"नाही गं. मीच म्हटलं. आधी त्यांनी झाडाला बांधून पाहिली, पण झाड गरम नसतं. मग कुत्र्याला बांधली. तो दिवसभर वसाहतभर धावला."

बाईंना तो दिवस आठवला. मुलांचा कसा छान व्यायाम झाला म्हणून सगळ्या आई-बापांनी एकमेकांचं अभिनंदन केलं होतं.

"मग मी म्हटलं, मी सांभाळते. मी तशीही येणार नव्हते."

"का नव्हतीस येणार?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. असा प्रश्न आपण विचारू हे त्यांनाच पटेना.

"पडले म्हणजे?" पिल्लू म्हणाली. शब्द बाईंचे होते, हेलही बाईंचा होता. "कोपर मोडलं की तीन तुकडे होतात आणि मग हात सरळ होत नाही."

बाईंनी पर्स दुसऱ्या हातात घेतली. एक फेरी तशीच झाली.

"रोज एकटीच असतेस इथे?"

"एकटी कुठे? मी खुंटी आहे!" पिल्लू अभिमानाने म्हणाली. "माझ्याशिवाय कुणाला जाताच येत नाही. परत आले की आधी मला सगळं सांगतात. ओढ्यावर एक मोठं झाड आडवं पडलंय. त्याच्यावरून घोड्यावर बसल्यासारखं पलीकडे जायचं म्हणे. पाण्यात खेकडे आहेत. शेवाळाला हात लावला की खूप गार लागतं म्हणे."

ओढा वसाहतीच्या भिंतीला लागून वाहत होता. पिल्लू त्याच्याबद्दल असं बोलत होती, जसं कुणी परदेशी जाऊन आलेल्या माणसाकडून ऐकलेलं सांगावं. बाईंना एकदम रडू आलं. आलं ते त्यांनी गिळलं, कारण चालता चालता रडणं त्यांना जमेना.

"आई, तू समितीत सांगणार?"

"मग काय करू?"

पिल्लू पहिल्यांदाच थांबली. "नको ना सांगू. मग मला कुणी घेणार नाही." तेवढ्यात एक घड्याळ गुरगुरलं आणि ती दचकून पुन्हा चालायला लागली.

घरी येऊन बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरधरून हसला. "वा रे पट्ठे! तुमच्या अख्ख्या समितीला पुरून उरले!" मग त्याच्या लक्षात आलं की या गोष्टीत आपली मुलगी कुठे आहे, आणि त्याचं हसू ओसरलं.

"वसाहतीतली सगळी पोरं ओढ्यावर," तो म्हणाला, "आणि आपली तेवढी बागेत. खुंटी म्हणून."

"मला काय खुळ्यात काढतोस? कळतंय मला."

"मग उद्या पाठव तिला."

बाई रात्रभर कूस बदलत राहिल्या. सकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या समितीचा नियम मोडला. पिल्लूला समोर बसवून म्हणाल्या, "आज तू जा त्यांच्याबरोबर. मी सांगते म्हणून जा." परवानगीसुद्धा हुकमासारखी दिली, पण दिली. पिल्लू आईकडे अशी बघत राहिली, जणू आईला ताप भरलाय.

गोष्ट इथवर आली की एखाद्याला वाटेल, बाई सुधारल्या. माणूस इतक्या स्वस्तात सुधारत नसतो.

दुपारी शाळा सुटल्यावर मुलं जमली. टिल्लू गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून आला होता. त्याला ओढ्यावर जाता येणार नव्हतं, म्हणून त्या दिवशी घड्याळं तो सांभाळणार असं ठरलं. त्याच्या धडक्या हातावर जागा पुरेना, तेव्हा उरलेली दोन्ही पायांना बांधली. "खुंटी, जा गं. मजा येते," तो म्हणाला. पंपाच्या खोलीमागे भिंतीऐवजी नुसतीच तारेची जाळी होती आणि ती खालून सुटली होती. पोरं एकामागून एक खालून गेली. पिल्लू सगळ्यांत शेवटी, कपडे सावरत गेली.

आणि थोड्या वेळाने त्याच जाळीखालून, साडीचा पदर कमरेला खोचून, अध्यक्षबाई सरपटत बाहेर पडल्या. दवाखान्यात त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सुट्टी टाकली होती. मुलीला मोकळं सोडायचं, पण पाठोपाठ जाऊन झुडपामागे बसायचं, अशी ती मोकळीक. जाळीचं एक टोक त्यांच्या पाठीवर चांगलं लांबलचक ओरखडलं, त्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. आडवं पडलेलं झाड जुनं, रुंद, वरून गुळगुळीत झालेलं. पोरं त्याच्यावर बसून, पायाने रेटत, पलीकडे जात होती. एक-दोघं उभ्याने गेली. कुणी घसरलं तर पाण्यात छपकन उभं राहायचं आणि बाकीची खिदळायची. टिल्लू कसा पडला असेल तेही बाईंना कळलं. तो बहुधा उडी मारून दाखवायला गेला असणार. बाईंना झुडपामागून सगळी नुसती हाडंच दिसत होती. नाजूक मनगटं, घोटे, गळ्याजवळची हाडं, आणि त्यांच्याखाली दगड.

पिल्लू काठावर उभी होती. पोरांनी तिला घाई केली नाही. चिडवलंही नाही. आपल्याला वाटतं पोरं क्रूर असतात. पण या कामात ती मोठ्यांपेक्षा बरी निघाली. एक थोराड मुलगी अर्ध्या झाडावरून मागे आली, झाडावर थाप मारून म्हणाली, "इथे बस. मी पुढे बसते. माझा फ्रॉक धर."

पिल्लूने मागे वळून पाहिलं. सवयीने. आई दिसली नाही. मग तिने एक पाय झाडावर ठेवला. हाताने साल चाचपली. दुसरा पाय उचलला आणि झाडावर टांग टाकून बसली. थोराड मुलगी पुढे सरकली, पिल्लू तिच्या मागे सरकली. एकदा. पुन्हा एकदा. खाली पाणी आलं. पिल्लूने एक हात सोडला आणि वाकून, बोटांनी, झाडाच्या कडेचं शेवाळ शिवून पाहिलं. तिच्या तोंडून हसू फुटलं.

"पिल्लू! दोन्ही हातांनी धर! पडशील!"

बाई झुडपातून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कळलंच नाही आपण कधी उठलो ते. घशाला जी सवय लागली होती, तिने डोक्याला विचारलं नाही.

सगळी पोरं जागच्या जागी थिजली. पिल्लूने झाडाला मिठी मारली, डोळे मिटले, आणि ती पुढे जाईना की मागे येईना. थोराड मुलीने तिला इंच इंच करून मागे आणली. बाई धावत काठावर आल्या आणि म्हणाल्या, "काही नाही झालं! जा ना, जा पुन्हा! मी जाते, मी बघत नाही!" त्यांनी खरोखर दोन्ही हातांनी डोळे झाकले. पण आता काय उपयोग? बैल गेला आणि झोपा केला.

पिल्लू रडली नाही. आईकडे तिने पाहिलंही नाही. ती पोरांना म्हणाली, "तुम्ही खेळा. टिल्लूचे पाय दुखत असतील," आणि जाळीखालून परत गेली. बाई मागोमाग बागेत पोचल्या तेव्हा ती टिल्लूच्या पायांची घड्याळं सोडून आपल्या हातावर चढवत होती. भराभर, सरावाने, एकही वाजू न देता. चढवून झाल्यावर बाह्या खाली ओढल्या आणि चालायला लागली.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. विषय एकच: घसरगुंडी. चिटणीसबाईंनी डोळे पुसत आपल्या मुलाची हकिगत सांगितली. घसरगुंडीचा उतार, तिची धार, तिचा रंग, सगळ्याचे वाभाडे काढण्यात आले. ठिपक्याने रोज मुलाची चाल मोजणारा तो बाप तर म्हणाला, की तो पत्र्याचा सांगाडा म्हणजे मुलांच्या जिवावर टपलेला राक्षस आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी! टिल्लूचे आजोबा मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते, आणि त्यांना त्याही दिवशी काही ऐकू येत नव्हतं.

सगळे अध्यक्षबाईंकडे पाहायला लागले. बाई उठल्या. भाषण त्यांनी आदल्या दिवशीच मनात जुळवून ठेवलं होतं. जाळी, ओढा, घड्याळं, पोरांची लबाडी. एक वाक्य पुरे होतं. उद्याच जाळीजागी पत्रे लागले असते, घड्याळांना कुलपं लागली असती, आणि पुन्हा कुणाचा हात मोडला नसता. बाई पुन्हा खाली बसल्या.

"मला काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कशाला बोलायला हवं?" चिटणीसबाई म्हणाल्या. "तुमची मुलगी बघतो ना आम्ही! किती शांत, किती सांभाळून. कधी धावणं नाही, पडणं नाही. आमची पोरं तुमच्या पिल्लूसारखी असती तर या समितीचीसुद्धा गरज नव्हती."

"देव करो," बाई म्हणाल्या, "आणि तुमच्यापैकी कुणाचंही पोर माझ्या पोरीसारखं न होवो."

मग सगळे हसले. बाई किती विनयशील आहेत, असं कुणीतरी म्हणालंही. घसरगुंडी उखडून टाकायचा ठराव एकमताने पास झाला. एकमताने म्हणजे बाईंच्याही मताने. हात वर करायला सांगितल्यावर त्यांनी केला.

बाहेर पिल्लू पायरीवर बसून वाट पाहत होती. आई दिसताच धडपडत उठली. दुपारपासून ती आईशी एक शब्द बोलली नव्हती.

"सांगितलंस?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग मी खुंटीच राहिले?"

बाईंना खूप काही म्हणावंसं वाटलं. चुकलं माझं, म्हणावंसं वाटलं. उद्या पुन्हा जा, मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही, हेही म्हणावंसं वाटलं. पण मुलगी उत्तरासाठी श्वास रोखून उभी होती, आणि तिला हवं होतं ते उत्तर एकच होतं.

"राहिलीस," बाई म्हणाल्या.

पिल्लूने टाळी वाजवली. आईच्या कमरेला मिठी मारली आणि आनंदाने जागच्या जागी उड्या मारायला लागली. मुलीचा इतका सुखी चेहरा बाईंनी तिच्या जन्मापासून पाहिला नव्हता. झाडावरून, गच्चीवरून, सायकलवरून पडलेली इतकी पोरं पाहिली, पण अशी भीती त्यांना कधीच वाटली नव्हती.